आकडा कोणाच्या वाट्याला? ग्राफिक्स कार्डावरच्या यादृच्छिक संख्यांचा आढावा

कपाशी किती पिकली हे ठरवायचा वऱ्हाडातला जुना मार्ग म्हणजे धुऱ्यावर उभं राहून नजर टाकणं. आधी आणेवारी, मग पैसेवारी. नाव बदललं तरी तराजू बघणाऱ्याच्या डोळ्यांतच राहिला. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय मध्यवर्ती कापूस समितीच्या आश्रयाने अकोला जिल्ह्यात वेगळा प्रयोग झाला. वि. गो. पानसे यांच्या आखणीनुसार कपाशीच्या उत्पादनाचा अंदाज नमुना-पाहणीने काढायचं ठरलं. कोणतं गाव, त्यातलं कोणतं वावर आणि वावरातला कोणता तुकडा वेचायचा, हे माणसाने निवडायचं नाही, यादृच्छिक आकड्यांनी निवडायचं. गहू आणि भातासाठी तीच शिस्त सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे त्याच सुमारास बसवत होते. या दोघांनी लिहिलेलं कृषी-संख्याशास्त्राचं पाठ्यपुस्तक १९५४ साली निघालं आणि पुढच्या कित्येक पिढ्यांच्या कृषी पदवीधरांनी ते वापरलं.

आज पीक विम्यासाठी होणारे पीक कापणी प्रयोग याच पद्धतीचे वारस आहेत. तलाठी किंवा कृषी सहायक गट नंबर यादृच्छिक आकड्यांवरून काढतो, वावराच्या नैऋत्य कोपऱ्यातून ठरलेली पावलं लांबीकडे आणि ठरलेली रुंदीकडे टाकतो, आणि जिथे पोचेल तिथे खुंटी ठोकतो. समोर पऱ्हाटी उभी असो की वाळलेली, जागा बदलायची मुभा नाही.

ग्राफिक्स कार्डाबद्दलच्या लेखाची सुरुवात पऱ्हाटीपासून करण्याचं कारण असं की कार्डावर यादृच्छिक आकडे काढताना जे बिघाड होतात, त्यांतले बहुतेक याच शिस्तीत कुठेतरी ढिलाई झाल्याने होतात. आकडे बनवणारं सूत्र चुकीचं निघाल्याची उदाहरणं आहेत, ती पुढे येतील. पण ती थोडी. खरा घोळ वाटणीत असतो. कोणत्या कामाला कोणता आकडा मिळाला आणि तो कुठून आला, हे सांगता येत नसेल तर आकडे कितीही उत्तम असले तरी उपयोग नाही. पानसे-सुखात्म्यांच्या काळात हे सांगता येत असे, कारण आकडे छापील तक्त्यातून येत. एल. एच. सी. टिपेट यांचा ४१,६०० अंकांचा तक्ता १९२७ चा, फिशर आणि येट्स यांचा १९३८ चा. पान, ओळ, रकाना नोंदवला की पुढच्या वर्षी तपासायला येणारा तोच आकडा पुन्हा काढू शकत असे. हा गुण संगणक आल्यावर हरवला, आणि तो परत मिळवायला साठेक वर्षं लागली असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

मधला इतिहास थोडक्यात. संगणकाला तक्ता पुरवणं महाग पडे. अमेरिकेतल्या रँड संस्थेने दहा लाख अंकांचं पुस्तक १९५५ साली काढलं, पण ते यंत्राच्या भुकेला पुरणारं नव्हतं. मग सूत्र आलं: एक आकडा घ्या, त्याला ठरलेल्या संख्येने गुणा, दुसऱ्या ठरलेल्या संख्येने भागून बाकी घ्या, ती पुढचा आकडा. डेरिक लेमर यांनी १९४९ च्या सुमारास मांडलेली ही रीत सोपी आणि जलद. तिचंच एक रूप म्हणजे आयबीएमच्या यंत्रांवर १९६० च्या दशकात सर्वत्र वापरलं गेलेलं ‘रँडू’. गुणक ६५,५३९. त्याचे लागोपाठ तीन-तीन आकडे घेऊन घनात बिंदू मांडले, तर सगळे बिंदू अवघ्या १५ समांतर प्रतलांवर बसतात. सूत्रच वाईट असल्याचं याहून चांगलं उदाहरण नाही. जॉर्ज मार्साग्लिया यांनी १९६८ साली या घराण्यातली सगळीच सूत्रं कमी-अधिक प्रमाणात अशी प्रतलांवर बसतात हे दाखवलं. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस मात्सुमोतो आणि निशिमुरा यांचं मर्सेन ट्विस्टर आलं. त्याचं आवर्तन इतकं लांब की ते संपण्याची भीतीच उरली नाही. एका यंत्रावर, एका ओळीत चालणाऱ्या कामासाठी प्रश्न मिटल्यासारखा वाटला.

ग्राफिक्स कार्डाने तो पुन्हा उघडला.

समजा, अमरावती विभागातल्या एखाद्या महसूल मंडळाचा खरीप हंगाम संगणकावर दहा लाख वेळा खेळवून बघायचा आहे. मृग कधी लागला, जुलैत खंड किती दिवसांचा पडला, बोंडं लागताना पाऊस आला का, गुलाबी बोंडअळी २०१७ सारखी उठली का. प्रत्येक गोष्टीचा कौल यादृच्छिक आकड्यावर, आणि शेवटी प्रश्न एकच: उत्पादन विम्याच्या उंबरठ्याखाली जाण्याची शक्यता किती? हे काम एकामागून एक करायला वेळ लागतो, पण प्रत्येक हंगाम दुसऱ्यापासून स्वतंत्र असल्यामुळे ते वाटून देता येतं. साध्या गेमिंग कार्डावरही तीन-साडेतीन हजार गणन-गाभे असतात, आणि त्यांच्यावर लाखो थ्रेड (कामाचे सुटे धागे) आळीपाळीने चालतात. अमरावती, बडनेरा, शेगाव, अकोला इथल्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्याला परवडेल असं हे साधन आहे. दहा लाख थ्रेड, प्रत्येकाला एक हंगाम. आता आकड्यांची ओळ एक नाही, दहा लाख ओळी हव्यात, आणि त्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात.

पहिला आणि सर्वांत सामान्य बिघाड: सगळ्या थ्रेडना एकच सीड, म्हणजे ओळ सुरू करून देणारा आकडा. दहा लाख थ्रेड एकच हंगाम दहा लाख वेळा खेळतात. हा पकडायला सोपा, कारण उत्तरं तंतोतंत एकसारखी येतात. याचा जरा लपलेला भाऊ म्हणजे सीड म्हणून घड्याळातले सेकंद वापरणं. कार्डावरचं काम सेकंदाच्या आत संपतं, पुढचं सुरू होतं, सेकंद तोच, सीड तेच. निम्म्या फेऱ्या उरलेल्या निम्म्यांच्या नकला निघतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरा बिघाड स्थिती परत न ठेवण्याचा. एनव्हिडियाच्या ‘कूरँड’ या संचात (तो २०१० साली आला) प्रत्येक थ्रेडची स्थिती (तो आपल्या ओळीत कुठवर आला याची नोंद) कार्डाच्या मुख्य स्मृतीत असते. वेगासाठी थ्रेड ती स्वतःजवळ उतरवून घेतो, आकडे काढतो, आणि काम संपल्यावर परत ठेवणं त्याचं काम असतं. ती ओळ लिहायची राहिली की पुढच्या फेरीत प्रत्येक थ्रेड जुन्याच जागेवरून सुरू होतो. सोमवारचा पाऊस मंगळवारी, मंगळवारचा बुधवारी. प्रोग्राम चालतो, आलेख बऱ्यापैकी दिसतो.

तिसरा बिघाड सद्‌हेतूने होतो. एकच सीड नको म्हणून प्रत्येक थ्रेडला वेगळं यादृच्छिक सीड द्यायचं. सीड ३२ बिटांचं असेल तर शक्य सीड सुमारे ४२९ कोटी, म्हणून टक्कर होणार नाही असं वाटतं. पण वर्गातल्या दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याचं जुनं गणित इथे लागू पडतं. ७७ हजार थ्रेड झाले की कुठेतरी एक जोडी जुळण्याची शक्यता निम्म्यावर पोचते. दहा लाख थ्रेडमध्ये सरासरी ११६ जोड्या जुळतात. आणि सीड जुळलं नाही तरी काही जनरेटरांत (आकडे बनवणाऱ्या सूत्रांत) जवळजवळची सीडं जवळजवळच्या ओळी देतात. कूरँडचे निर्माते स्वतःच सांगतात की एका प्रयोगाला एक सीड द्या आणि प्रत्येक थ्रेडला वेगळा ‘सीक्वेन्स’ क्रमांक द्या. असं केलं की प्रत्येक थ्रेड एकाच लांबलचक ओळीच्या वेगळ्या, दूरच्या भागातून सुरू होतो. पण इतक्या लांब उडी मारायला वेळ लागतो. स्थिती मांडण्याची ही पायरी प्रत्यक्ष आकडे काढण्याहून कितीतरी मंद असते, म्हणून घाईतला विद्यार्थी उलट करतो: सीक्वेन्स शून्य, सीड थ्रेडच्या क्रमांकाइतकं. वेग वाढतो, स्वातंत्र्याची हमी जाते. ही तडजोड जाणूनबुजून केली तर माझी हरकत नाही. पण ती केल्याचं प्रबंधात क्वचितच लिहिलेलं असतं.

सगळ्यांना एकच सीड हा ढोबळ प्रकार सोडला तर हे बिघाड सरासरीत दिसत नाहीत, आणि त्यांची खरी अडचण तिथेच आहे. प्रत्येक हंगाम चार-चार वेळा नकलून आला, तरी सरासरी उत्पादन बरोबरच येतं. बिघडतो तो त्रुटीचा अंदाज. दहा लाख स्वतंत्र हंगामांवर आधारलेली जी अचूकता आपण छापतो, ती प्रत्यक्षात अडीच लाखांचीच असते. खरी त्रुटी छापलेल्याच्या दुप्पट. नकला शंभर-शंभर असतील तर दहापट. उत्तर बरोबर आहे पण त्यावरचा विश्वास फुकटचा आहे, अशी ही अवस्था. विम्याच्या कामात सरासरीपेक्षा शेपटीला महत्त्व: वीस वर्षांत एकदा येणारा दुष्काळ किती वाईट असेल? तिथे ही फुकटची खात्री सरळ रुपयांत उतरते. म्हणून तपासणीचा पहिला नियम माझ्या मते असा हवा: सरासरी जुळली म्हणून खूश व्हायचं नाही. वीस वेगवेगळ्या सीडांनी सगळं काम पुन्हा चालवायचं, वीस उत्तरांमधला फरक मोजायचा, आणि तो आपण छापलेल्या त्रुटीशी ताडून बघायचा. दोन्ही जुळले नाहीत तर ओळी कुठेतरी एकमेकींत मिसळल्या आहेत. ही चाचणी करायला कुठलंही पुस्तक वाचावं लागत नाही, आणि तरीही ती फार थोडे लोक करतात.

कडेच्या चुका हे वेगळं प्रकरण, आणि इथे पुन्हा सुखात्मे आठवतात. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पाहण्यांत कापणीचे तुकडे लहान होते. सुखात्म्यांनी १९४० च्या दशकात प्रयोगांनी दाखवलं की तुकडा लहान असला की उत्पादन फुगून येतं: दोरीवर आलेलं रोप आत धरायचं की बाहेर, हा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो, आणि लहान तुकड्यात अशा कडेच्या रोपांचं प्रमाण मोठं. निवड पूर्ण यादृच्छिक, तरी उत्तर वाकडं.

कार्डावरची कड म्हणजे शून्य आणि एक. बहुतेक संगणकीय भाषांत यादृच्छिक अपूर्णांक शून्याला धरून आणि एकला सोडून असतो. कूरँडमध्ये नेमकं उलटं: शून्य कधी येत नाही, एक येऊ शकतो. म्हणून ३६५ गटांतून एक निवडायला अपूर्णांकाला ३६५ ने गुणून पूर्णांक घेतला, की कधीतरी ३६५ हे उत्तर येतं. मोजणी शून्यापासून असेल तर तो गट अस्तित्वातच नाही. प्रोग्राम यादीबाहेरच्या स्मृतीला हात घालतो. हे कोट्यवधींत एखाद्या वेळी घडतं, त्यामुळे छोट्या चाचणीत सापडत नाही, आणि रात्रभर चालवलेल्या कामात पहाटे कधीतरी प्रोग्राम कोसळतो. या उलट्या निवडीमागे कारण आहे: शून्याचा लॉगॅरिथम काढता येत नाही, आणि पुढच्या अनेक सूत्रांत तो काढावा लागतो. पण दुसऱ्या भाषेतून आलेल्या माणसाला ते कोण सांगणार?

भागाकाराची बाकी घेऊन निवड करणं ही तिसरी कड. पीक कापणीतही ती आहे. ३६५ गटांच्या गावात तीन अंकी आकडा काढून त्याला ३६५ ने भागलं, तर ००० ते ९९९ या हजार आकड्यांत २७० गटांना तीन-तीन संधी मिळतात आणि उरलेल्या ९५ ना दोन-दोन. म्हणून नमुना-पाहणीच्या पाठ्यपुस्तकांत नियम असतो की ३६५ च्या सर्वांत मोठ्या पटीपलीकडचे, इथे ७२९ च्या वरचे, आकडे टाकून द्या. कार्डावर ३२ बिटांचा आकडा असल्याने ३६५ साठी हा पक्षपात नगण्य. पण ३०० कोटी नोंदींतून निवड करायची असेल तर पहिल्या सुमारे १२९ कोटी नोंदींना दुप्पट संधी मिळते. इथे ६४ बिटांचा आकडा घ्यावा, किंवा जुना नियम पाळावा.

चौथी कड शेपटीची. घंटाकृती वितरणाचे आकडे काढायला बॉक्स-म्युलर सूत्र वापरतात, आणि त्यात आत जाणारा अपूर्णांक जितक्या बिटांचा, तितकीच शेपूट लांब. २४ बिटांच्या साध्या दशांश आकड्यातून काढलं तर मध्यापासून ५.७७ प्रमाण-विचलनांपलीकडे काही येऊच शकत नाही. ३२ बिटांतून ६.६६ पर्यंत. ५.७७ च्या पलीकडली घटना एका बाजूला सुमारे २५ कोटींत एकदा घडायला हवी. माणसाला हे दुर्मिळ वाटेल, पण कार्ड सेकंदाला शेकडो कोटी आकडे काढतं. त्यामुळे अतिवृष्टीचा अभ्यास करणाऱ्याच्या आलेखाला शेवटी कात्रीने कापल्यासारखी सरळ कड येते, आणि तिचा निसर्गाशी काही संबंध नसतो.

सूत्रच दगा देतं तेव्हा काय होतं, याची अभ्यासावी अशी घटना १९९२ सालची आहे. ॲलन फेरेनबर्ग, डेव्हिड लँडाऊ आणि वाय. जोआना वाँग हे चुंबकत्वाच्या आयसिंग प्रतिमानावर काम करत होते. द्विमितीय आयसिंगचं उत्तर लार्स ऑन्सागर यांनी १९४४ सालीच गणिताने काढून ठेवलं आहे, म्हणजे तपासायला पक्का मापदंड होता. त्यांनी तेव्हा उत्तम मानला जाणारा ‘आर २५०’ हा जनरेटर वापरला, आणि वुल्फ यांच्या गणनपद्धतीत तो चुकीची ऊर्जा देऊ लागला. चूक लहान, पण त्रुटीच्या मर्यादेच्या कितीतरी बाहेर. गंमत अशी की त्याच कामात लेमरच्या घराण्यातला, कमी दर्जाचा समजला जाणारा जुना जनरेटर बरा निघाला. याचा अर्थ चांगला जनरेटर अशी सरसकट चीज नसते. एखाद्या कामाला चांगला असतो. आर २५० चे दूरदूरचे आकडे एका नात्याने बांधलेले होते, आणि वुल्फ यांची पद्धत नेमकी त्या नात्यावर बोट ठेवत होती. कार्डांच्या जगातही असं घडलं. कूरँडचा मूळ जनरेटर ‘एक्सऑरवाऊ’ हा मार्साग्लियांच्या २००३ च्या कल्पनेवर बेतलेला. मुत्सुओ साइतो आणि मात्सुमोतो यांनी त्यातली विचलनं दाखवून दिली. तो टाकाऊ आहे असं नाही. पण आपलं उत्तर फक्त त्याच्यावर उभं असेल, तर दुसऱ्या घराण्याचा जनरेटर लावून तेच काम पुन्हा चालवणं शहाणपणाचं.

वाटणीचे मार्ग मुख्यतः तीन. एक: एकच लांब ओळ घेऊन तिचे तुकडे थ्रेडना द्यायचे. पिएर लेक्युये यांचा ‘एमआरजी३२के३ए’ यासाठी प्रसिद्ध, कारण त्यात लांब उडी गणिताने स्वस्तात मारता येते. दोन: प्रत्येक थ्रेडला वेगळ्या प्राचलांचं वेगळंच सूत्र द्यायचं, मायकेल मस्कॅग्नी आणि अशोक श्रीनिवासन यांचा ‘एसपीआरएनजी’ संच या वाटेने गेला. साइतो यांनी कार्डासाठी बनवलेलं मर्सेन ट्विस्टरचं रूप, ‘एमटीजीपी’, हेही या गटातलं. त्यात एका ब्लॉकमधले (थ्रेडच्या एका गटातले) जास्तीत जास्त २५६ थ्रेड मिळून एक स्थिती वापरतात, आणि त्या सगळ्यांनी आकडा एकाच वेळी मागावा लागतो. एखादा थ्रेड ‘पाऊस पडला नाही, मला आकडा नको’ म्हणून बाजूला झाला की सगळी मांडणी विस्कटते. जर-तर भरपूर असलेल्या हंगामाच्या खेळाला म्हणून तो सोयीचा नाही.

तिसऱ्या वाटेबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. जॉन सॅमन, मार्क मोराएस, रॉन ड्रोर आणि डेव्हिड शॉ यांनी २०११ साली ‘फिलॉक्स’ आणि ‘थ्रीफ्राय’ हे जनरेटर मांडले. कल्पना गुप्तलेखनातून घेतलेली. मागच्या आकड्यावरून पुढचा काढायचाच नाही. मोजणीतला क्रमांक आणि एक किल्ली घ्यायची, दोन्हींना मिसळणीच्या ठरलेल्या फेऱ्यांतून (फिलॉक्समध्ये गुणाकार-मिसळणीच्या दहा) काढायचं, बाहेर येईल तो यादृच्छिक आकडा. सातशे कोटीवा आकडा हवा असेल तर आधीचे काढावे लागत नाहीत. क्रमांक घाला, आकडा घ्या. फिलॉक्सचा क्रमांक १२८ बिटांचा, किल्ली ६४ बिटांची. स्थिती जवळजवळ नाहीच, परत ठेवण्याची भानगड नाही, उडी मारण्याचा खर्च नाही.

हा मला टिपेट आणि फिशर-येट्स यांच्या तक्त्याचा पुनर्जन्म वाटतो. पान, ओळ, रकाना दिला की आकडा ठरलेला. फक्त हा तक्ता कुठे छापलेला नसून हवा तेव्हा हवा तिथला भाग तयार होतो, आणि त्याची पानं कधी संपत नाहीत. त्याचबरोबर जुनी शिस्तही परत येते. किल्ली थ्रेडच्या क्रमांकावरून न ठरवता कामातल्या वस्तूवरून ठरवता येते: किल्लीत प्रयोगाचा सीड आणि गावाचा क्रमांक, मोजणीत हंगामाचा क्रमांक, दिवस आणि घटनेचा प्रकार. मग काम एका कार्डावर चालवा की चार, थ्रेड दोनशे छप्पन असोत की दहा लाख, त्या गावाच्या ८१२ व्या हंगामातल्या ४ जुलैच्या पावसाला तोच आकडा मिळतो. नवं गाव जोडलं म्हणून जुन्या गावांचे निकाल हलत नाहीत. खत-मात्रेचे दोन पर्याय ताडून बघताना दोघांनाही एकाच पावसात उभं करता येतं, आणि मग दिसणारा फरक खताचाच असतो. नवं काम सुरू करणाऱ्याने, विशेष कारण नसेल तर, इथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

यंत्र-शिक्षणाच्या जगाने हा कौल आधीच दिला आहे. पायटॉर्च कार्डावर फिलॉक्स वापरतं, जॅक्स थ्रीफ्राय. जॅक्समध्ये तर किल्ली प्रत्येक वेळी हाताने फोडून पुढे द्यावी लागते. नवख्याला हा जाच वाटतो, पण त्या जाचामुळेच चुका उघड्या पडतात. उलट, कार्डाबाहेर, प्रोसेसरवर चित्रं तयार करणाऱ्या पायटॉर्चच्या मदतनीस प्रक्रियांमध्ये नमपाय या गणन-संचाच्या जनरेटरची स्थिती जशीच्या तशी नकलली जात असे. चार मदतनीस, चौघेही पानांची चित्रं एकाच कोनात फिरवणार, एकाच प्रकारे उजळ करणार. २०२१ साली याची बरीच चर्चा झाली आणि नंतर दुरुस्ती आली. बोंडअळी ओळखायला शिकणारं प्रतिमान यामुळे कोसळत नाही, फक्त जितकं शिकायला हवं तितकं शिकत नाही. तिथेही सरासरी शाबूतच.

यंत्रसामग्रीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. स्मृतीचा हिशेब सोपा आहे: एक्सऑरवाऊची स्थिती ४८ बाइट, म्हणजे दहा लाख थ्रेडना ४८ एमबी. मर्सेन ट्विस्टरची सुमारे अडीच केबी, म्हणजे अडीच जीबी, आणि स्वस्त कार्डाच्या स्मृतीचा मोठा भाग तिथेच गेला. गेमिंग कार्डं दुहेरी अचूकतेच्या गणितात फार मंद असतात, साध्याच्या ३२ व्या किंवा ६४ व्या भागाइतकी. तेव्हा शेपूट लांब हवी म्हणून सगळंच दुहेरी करू नये, जिथे लॉगॅरिथम आहे तेवढंच करावं. वीज गेली तर रात्रभराचं काम जाऊ नये म्हणून मधूनमधून निकाल जतन करतात, तेव्हा आकड्यांची स्थितीही जतन करायला हवी, नाहीतर पुन्हा सुरू झालेलं काम पहिल्याच आकड्यांपासून निघतं. मोजणीवाल्या जनरेटरात फक्त क्रमांक लिहून ठेवला की भागतं. राहिला अकोल्याचा मे महिना. कार्ड तापलं की ते आपला वेग कमी करतं. त्याने काम रेंगाळतं, आकडे बदलत नाहीत. त्यामुळे चुकीच्या उत्तराचा दोष उन्हाला देऊ नये.

एका गोष्टीचा दोष मात्र जनरेटरला विनाकारण लागतो. सीड तेच, कार्ड तेच, आणि तरी दोन वेळा चालवल्यावर उत्तर सातव्या अंकात वेगळं येतं. विद्यार्थी जनरेटर बदलतो, पुन्हा तेच. कारण बेरजेत असतं. दशांश आकड्यांची बेरीज क्रम बदलला की किंचित बदलते, आणि लाखो थ्रेड एकाच खात्यात आपापली बेरीज टाकत असतील तर कोण आधी पोचेल हे दर वेळी वेगळं. हे ओळखायचं असेल तर बेरीज बाजूला ठेवून प्रत्येक थ्रेडचे पहिले चार आकडे छापावेत आणि दोन्ही वेळचे ताडून बघावेत. ते जुळले तर जनरेटर निर्दोष. मग ठरलेल्या क्रमाने बेरीज करणारी पद्धत लावावी, किंवा पूर्णांकांत मोजावं.

पहिले चार आकडे छापण्याची ही कृती तशीही सर्वांत आधी करावी. शेजारच्या थ्रेडचे आकडे सारखे दिसले तर पहिला बिघाड. दुसऱ्या फेरीतले पहिल्या फेरीसारखे दिसले तर दुसरा. त्यानंतर वीस सीडांची चाचणी. त्यानंतर, उत्तर आधीच माहीत असलेलं छोटं काम त्याच सांगाड्यावर चालवून बघणं, फेरेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी आयसिंगवर केलं तसं. आणि या सगळ्यातून निभावल्यावर मोठ्या कसोट्यांचा संच: लेक्युये आणि सिमार्ड यांचा २००७ चा ‘टेस्टयू०१’, त्यातला सर्वांत कडक ‘बिगक्रश’. पण तिथेही एक फट आहे. हे संच आकड्यांची एकच ओळ तपासतात. एका थ्रेडची ओळ दिली तर ती उत्तीर्ण होते, आणि शेजारच्या थ्रेडशी तिचं असलेलं नातं तपासलंच जात नाही. म्हणून ओळी विणून द्याव्या लागतात: प्रत्येक थ्रेडचा पहिला आकडा, मग प्रत्येकाचा दुसरा, असं. लाखो ओळी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत याची गणिती सिद्धता कोणत्याही व्यवहार्य जनरेटरसाठी नाही. फिलॉक्सबद्दल जे आहे ते कसोट्यांवरून आलेलं आहे, गुप्तलेखनाच्या अनुभवाचा त्याला आधार आहे, आणि आजवर त्यात व्यवहारात नडेल असं काही सापडलेलं नाही.

मोठ्या यंत्रांवर हे प्रश्न मोठे होतात, वेगळे होत नाहीत. पुण्याच्या सी-डॅकमधला ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या महासंगणकांच्या जागतिक यादीत ६३ व्या क्रमांकावर होता. त्यात शेकडो कार्डं आहेत, आणि प्रत्येक कार्डावर थ्रेडचे क्रमांक पुन्हा शून्यापासून सुरू होतात. किल्लीत कार्डाचा क्रमांक घालायचा राहिला की सगळी कार्डं एकाच वेळी तेच काम करत बसतात. आणि कार्डाचा क्रमांक घातला तर उत्तर कार्डांच्या संख्येवर अवलंबून राहतं: बडनेऱ्याच्या प्रयोगशाळेतल्या एका कार्डावर आलेलं उत्तर पुण्यातल्या आठ कार्डांवर तेच येणार नाही. गावाचा आणि हंगामाचा क्रमांक घातला, तर आकडे तेच येतात.

एएमडीच्या कार्डांवर जाणाऱ्यांसाठी एवढंच: तिथल्या ‘रॉकरँड’ संचातही फिलॉक्स आणि एक्सऑरवाऊ आहेत, पण नाव एक म्हणून एकाच सीडला त्याच क्रमाने तेच आकडे मिळतील असं गृहीत धरू नये. फिलॉक्सचा गाभा पन्नासेक ओळींत स्वतः लिहिता येतो. तो लिहून घ्यावा, मूळ लेखकांनी दिलेल्या नमुना-उत्तरांशी ताडून बघावा, आणि दोन्ही कंपन्यांच्या कार्डांवर तोच चालवावा.